कोंकरांचा आंत्रविषार

पावसाळ्याच्या आरंभीं दख्खनच्या माळावर कोंवळें गवत उगवलें, कीं धनगराच्या कळपांतील सर्वांत गुटगुटीत कोंकरूं कधीं कधीं एका रात्रींत दगावतें. रोडकें मात्र वांचतें. दृष्ट लागली, असें कोणी म्हणेल. वस्तुतः आंतड्यांत एरव्हीं थोड्या संख्येनें वसणारे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे जंतु अतिआहार मिळतांच बेसुमार वाढतात. त्यांचें विष रक्तावाटे मेंदू व मूत्रपिंड गांठतें. औषधास अवधिच उरत नाहीं. नवजात कोंकरांची हगवण निराळी. तींत आंतड्याचें अस्तर झिजतें, दूध अंगीं लागत नाहीं, आणि बरें झालेलें कोंकरूंहि वजनांत मागें पडतें.

यास्तव गाभण मेंढीसच विण्यापूर्वीं लस टोंचतात. आपण शहरवासी चिकाकडे खरवसाच्या दृष्टीनें पाहतों. कोंकरास मात्र मातेचें संरक्षण त्या चिकांतूनच मिळतें, आणि तेंहि पहिल्या २४ तासांतच. त्यानंतर आंतडें तें द्रव्य रक्तांत जाऊं देत नाहीं.