मोडीतलं नाव
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या नाशिकला तांब्या-पितळेची परंपरा जुनी. तांबट लेन, भांडी बाजार सगळ्यांना ठाऊक आहेत. जुनं भांडं मोड म्हणून द्यायचं, वजनाचे पैसे वळते करून नवं घ्यायचं, ही घराघरातली रीत. तांबं कितीही वेळा वितळवा, तांबं ते तांबंच. म्हणजे आजच्या घंगाळात कोणाच्या तरी पणजीची कळशी असू शकते! रिसायकलिंग हा शब्द आपण नंतर शिकलो.

दिल्लीत 2019 मध्ये सुमारे 150 टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी केली. आपला आवाका तेवढा नाही. पण एक गोष्ट मोडीतून परत मिळत नाही : भांड्यावर घातलेलं नाव. लग्नात, बारशात आलेल्या भांड्यांवर टिंब टिंब करून कोरलेलं नाव, गाव, तारीख. वजनकाट्यावर त्याला किंमत शून्य.

फ्लॅट लहान, माळे भरलेले. भांडी काढावी लागतात, हे मान्य. म्हणून माझी सूचना : मोड देण्याआधी नावापुरता तुकडा कापून घ्या. वजन थोडंसंच घटेल. कमिटीने तांबट कारागिराकडून, रीतसर मजुरी देऊन, कडा घासून हे तुकडे एका फळीवर ठोकून घ्यावेत आणि हॉलमध्ये लावावेत. त्या हातांनाही काम मिळेल.

25 वर्षांत काही बिऱ्हाडं गेली, काही माणसं गेली. लेटरबॉक्सवरची त्यांची नावं पुसली. पितळेवरची तरी राहू देत.