गायरान कोणाचे?
(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की धर्म बदलल्याने जमिनीवरील आपला हक्क जातो काय? त्याचे उत्तर थोडक्यात देतो. जात नाही. धर्मांतरामुळे कोणाचाही मालमत्तेचा अथवा वारसाचा हक्क हिरावला जाऊ नये, असा कायदा १८५० सालीच या देशात झाला होता. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. आणि १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलतीही केंद्राने मान्य केल्या आहेत. तेव्हा ही चिंता मनातून काढून टाका.

परंतु आज मी ज्या जमिनीविषयी बोलणार आहे ती तुमच्या सातबारावर नाही. ती गावाची जमीन आहे. गायरान, माळ, ओढ्याकाठचे बन, तळ्याचा काठ, डोंगराची उतरण, हे सर्व त्यात आले. कागदोपत्री ती सरकारची असते आणि गुरे चारण्यासाठी गावाकरिता राखून ठेवलेली असते. या जमिनीच्या रक्षणाचा प्रश्न आला की आपल्या वस्तीतील लोक मागे सरतात, असे मी पाहिले आहे. "ते पाटलाचे काम, आपणास काय?" असे म्हणतात. हे म्हणणे मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे तुम्हापुढे मांडण्यासाठीच मी येथे उभा आहे.

इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीपासून सारा मिळत नसे तिला सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदले गेले, आणि तो शब्द आपल्याही तोंडी बसला. वास्तविक माळ पडीक नसतो. त्यावर मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते असतात. तेथे पावसाचे पाणी अडते, जिरते, आणि खालच्या शिवारातील विहिरींना मिळते. बोरी, बाभळी, हिवर यांच्या काट्याकुट्यांत पक्षी राहतात, ससे राहतात, लांडगाही राहतो. आणि याच माळावर ज्याला एक गुंठाही शेत नाही त्याची शेळी चरते. ज्याची पन्नास एकर बागाईत आहे त्याच्या म्हशीला कडबा व पेंड घरी मिळते. तिला गायरानाची गरज नाही. गायरान नाहीसे झाले तर प्रथम शेळी विकावी लागते ती आपल्या वस्तीतील विधवेला. सरपणासाठी कोसभर जास्त चालावे लागते ते आपल्या वस्तीतील मुलींना. म्हणून मी म्हणतो, की गायरानाचे रक्षण हा प्रथमतः भूमिहीनांचा प्रश्न आहे.

आता तुमच्या मनातील शंका मी बोलून दाखवतो. "वकीलसाहेब, गायरान राखा म्हणता, पण आमच्या बापाने तेच गायरान फोडून दोन एकर कसले आहे. मग आम्ही चोर ठरलो काय?" हा प्रश्न टाळून जो कोणी पर्यावरणाचे व्याख्यान देईल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये.

या जमिनी आपल्या लोकांनी का कसल्या, याला इतिहास आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची व्हावी, जातपात न पाहता ती गावकऱ्यांना कसण्यास द्यावी, कोणी जमीनदार, कूळ वा भूमिहीन मजूर राहू नये, अशी मांडणी केली. ती घटनेत आली नाही. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्यांची मागणी पडीक सरकारी जमीन भूमिहीनांस द्यावी ही होती. त्या मागणीचे फळ म्हणूनच १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावयाचे ठरले. निर्णय झाला, पण अंमलबजावणी किती ठिकाणी झाली हे तुम्ही मला सांगावयास नको.

त्यानंतर २०११ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग खटल्यातील निकाल आला. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातील एका गावचे तळे बुजवून काही जणांनी त्यावर घरे बांधली होती. न्यायालयाने ती अतिक्रमणे बेकायदा ठरवली, आणि गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याची योजना आखा, असे सर्व राज्यांना फर्मावले. निकाल मला पटतो. गावाचे तळे बुजवणे हा गावावरचा दरोडा आहे. परंतु हा निकाल हाती घेऊन जेव्हा तलाठी तुमच्या झोपडीपुढे येतो तेव्हा त्याच निकालातील एक वाक्य वाचून दाखवावयाचे तो विसरतो. भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जमिनीवर शाळा, दवाखाना असे सार्वजनिक काम झालेले असेल, तर अपवाद करता येतो, असे न्यायालयाने स्पष्ट लिहिले आहे. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरान अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या, आणि किती तरी वस्त्यांवर रात्री चुली पेटल्या नाहीत. त्या वेळी ज्यांच्याजवळ कागद होता ते निदान बोलू शकले.

म्हणून कागदाची गोष्ट सांगतो. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई या नावाची अतिक्रमणांची नोंदवही असते. तिची नक्कल मागा. वडिलांनी भरलेल्या दंडाच्या पावत्या, जुना पंचनामा, पीकपाहणीचा उतारा, सत्याग्रहातील अटकेचा कागद, जे सापडेल ते एका पिशवीत ठेवा. ती पिशवी घराच्या बाईच्या ताब्यात असावी, असा माझा अनुभव आहे. पुरुष कागद गहाण टाकतात. १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या ताब्याचा पुरावा असेल तर महसूल संहितेच्या कलम ५१ खाली नियमित करण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा आणि पोच घ्या.

जुने जे न्याय्य आहे त्यासाठी लढू, नवे फोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ते काहींना आवडणार नाही, मला ठाऊक आहे. परंतु मुरमाड उतारावर नांगर घातला तर दोनतीन वर्षे बाजरी येते, मग वरची माती ओढ्यात जाते आणि खाली उरतो तो खडक. शेतकरीही राहिलो नाही आणि शेळीचा चाराही गेला, असे होते. शिवाय नवे अतिक्रमण आपण केले की त्याच्या आडून धनदांडगा वीस एकर घेतो, आणि कारवाईची वेळ आली की यंत्र आधी आपल्या वस्तीवर येते. नवी जमीन हवी असेल तर ती शासनाकडे हक्काने मागा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांस चार एकर जिराईत अथवा दोन एकर बागाईत जमीन विकत घेऊन देण्याची तरतूद आहे. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. सरकारी दराने जमीन विकावयास कोणी पुढे येत नाही, ही तिची अडचण आहे. ती दूर करण्यासाठी आपली संघटित शक्ती खर्च करू या, माळ फोडण्यात नको.

राखण कशी होते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे सारे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि २०११ पासून गावाने आपला बांबू स्वतः विकला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ साली असाच हक्क मिळाला. तेंदूपानासाठी झाडे छाटावी लागतात व जंगलाला आगी लावल्या जातात, हे पाहून त्या गरीब गावाने तेंदूचे उत्पन्नच सोडून दिले. मालकी हाती आली म्हणून हा त्याग सुचला. परक्याच्या जंगलासाठी कोण उपाशी राहतो?

हा कायदा केवळ आदिवासींसाठी आहे अशी समजूत विदर्भातील आपल्या बौद्ध गावांतून फार पसरली आहे. ती चुकीची आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलात राहून जंगलावर उपजीविका करणाऱ्या इतर लोकांनाही त्यात हक्क आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर पुन्हा हिरवे केले, हेही तुम्ही ऐकले असेल. ते काम मोठे आहे. तथापि तुमच्या गावी कोणी चराईबंदीचा ठराव आणील तेव्हा उठून एक प्रश्न विचारा: ज्याच्याजवळ फक्त शेळ्या आहेत त्याने त्या कोठे बांधाव्या? कापून नेण्याच्या गवतात भूमिहीनाचा वाटा आधी ठरला पाहिजे, मग बंदी. एवढे मान्य झाले तर बंदी सर्वांत कसोशीने तुम्हीच पाळा.

आणखी एक धोका नवा आहे. २०२३ पासून शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्पांना सरकारी जमिनी भाड्याने दिल्या जात आहेत, त्यांत गायरानेही आहेत. वीज हवीच. परंतु महसूल संहितेच्या कलम २२-अ प्रमाणे सरकारी प्रयोजनासाठीही दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच गायरान वळवता येते. ती दुसरी जमीन खरोखर शोधली होती काय, हे ग्रामसभेत विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

ग्रामसभेला आपण जात नाही, हे आपले मोठे दुखणे. तेथे बसावयास सतरंजी मिळत नाही, बोललो तर हसतात, हे मी जाणतो. एकटे जाऊ नका, पंधरावीस जण मिळून जा. आधी होणाऱ्या महिला सभेत भगिनींनी विषय लेखी द्यावा. गायरानाचा गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा ठरावात लिहवून घ्या.

चतुःसीमेवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष घेतली जाई, कारण दगड कोठे पुरला आहे हे त्यालाच ठाऊक असे. वतन १९५८ च्या कायद्याने गेले, त्याची गुलामी गेली, फार बरे झाले. पण ते ज्ञान अजून आपल्या सत्तरीऐंशीतील म्हाताऱ्यांजवळ आहे. कोणता ओढा गायरानाची हद्द होता, कोणी ती कधी सरकवली, ते सांगू शकतात. दिवाळीपूर्वी, गवत उभे असतानाच, त्यांना बरोबर घेऊन हद्दीवरून एकदा चालून या. मुलांना नकाशा काढावयास लावा, म्हाताऱ्यांचे जबाब तारीख घालून लिहून घ्या आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करताना तो कागद सोबत जोडा. अर्ज कसा लिहावा हे ज्यांना विचारावयाचे आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मी दिवेलागणीपर्यंत येथेच आहे.