हातात वजन, कोपरात कळ

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलंय आणि बासुंदी सगळ्यांनीच घेतलीय, तेव्हा कुणाचे डोळे मिटले तर मला राग येणार नाही. संयोजकांनी मला विषय दिला होता ‘पन्नाशीनंतरचं आरोग्य’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलून कुणाचं काही दुखायचं थांबत नाही. म्हणून मी तो कापून लहान केला. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, आणि तोसुद्धा वजन उचलताना दुखणारा. आज एवढंच.

याला कारण आपला ग्रुप. गेल्या दोन-तीन वर्षांत निम्मा वर्ग जिमला जायला लागला. फार चांगलं झालं. पण तेव्हापासून रात्री दहानंतर मला जे निरोप येतात त्यांतला बहुतेक एकच असतो: ‘डंबेल उचलताना कोपराजवळ कळ येते, काय करू?’ मी उत्तर लिहीपर्यंत ग्रुपवर सहा जणांनी सहा उपाय दिलेले असतात. एक म्हणतो पूर्ण विश्रांती घे, दुसरा म्हणतो दुखलं तरी रेट, तिसऱ्याच्या साडूने कुठलं तरी तेल लावलेलं असतं. तीस वर्षं फिजिओथेरपी केल्यावर आपल्याच वर्गात आपली ही किंमत!

आधी एक प्रयोग करू. उजवा हात समोर धरा आणि मनगट पूर्ण खाली लोंबू द्या, वाळत घातलेल्या मोज्यासारखं. आता मनगट तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळली जात नाही ना? आता मनगट सरळ करून आवळा. जमलं. म्हणजे मूठ आवळणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असले, तरी मनगट सरळ धरून ठेवायचं काम बाहेरच्या बाजूचे स्नायू करत असतात. तुम्ही रॉड धरा, बादली धरा, स्कूटरचं हँडल धरा, प्रत्येक वेळी ते राबतात. आणि त्यातले बरेचसे जिथे हाडाला धरलेले असतात ती जागा केवढी? कोपराच्या बाहेरच्या अंगाला जो हाडाचा उंचवटा लागतो, तेवढीच. सगळी घागर एका दोराला.

स्नायूला हाडाशी जोडणारा जो दोर, त्याला आपण कंडरा म्हणतो, डॉक्टर टेंडन म्हणतात. बाहेरच्या उंचवट्याची कंडरा दुखली की टेनिस एल्बो, आतल्या उंचवट्याची दुखली की गोल्फर्स एल्बो. नावांवर जाऊ नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. या दुखण्याचं पहिलं वर्णन १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी केलं, तेही लिहून लिहून हात दुखण्याच्या संदर्भात! बाई, तुम्ही इतकी वर्षं खांद्याच्या वर हात धरून फळ्यावर लिहीत होतात, त्याची दखल पहिल्यापासून घेतलेली आहे.

आता मुद्द्याचं. हे दुखणं नेमकं काय आहे? सूज आहे असं आपण समजतो, म्हणून बर्फ, मलम, गोळ्या. १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकी शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरांचा अभ्यास मांडला. त्यात तीव्र सूज असताना ज्या पेशी दिसाव्यात त्या फारशा नव्हत्या. दिसले ते विस्कटलेले तंतू, उसवलेल्या दोरासारखे. दोर नीट वळला जायचा राहून गेला होता. म्हणून गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं, पण दोर काही वळला जात नाही.

आणि तो उसवतो का? आपल्या वयात जिम सुरू केली की स्नायू सहा-आठ आठवड्यांत ताकद दाखवू लागतात. आरशात दंड दिसतो, ट्रेनर म्हणतो ‘सर, पाच किलो वाढवू’. सर वाढवतात. कंडरेला मात्र तेवढंच बळ यायला महिने लागतात. पन्नाशीनंतर तर आणखी, आणि मधुमेह असेल तर कंडरा मुळातच ताठर झालेली असते. स्नायू पुढे निघून जातो, कंडरा मागे राहते. शिवाय एकाच दिवशी पुल-अप, रोइंग, डेडलिफ्ट आणि शेवटी बायसेप्स कर्ल केलं, तर व्यायाम पाठीचा आणि दंडाचा म्हणून मोजला जातो, पण चारही वेळा मूठ आवळलेली असते. ते कुणी मोजत नाही.

आपल्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. त्याने परवानगी दिलीय, नाव घेऊ नको म्हणालाय, आणि कृपा करून मागे वळून बघू नका. पन्नाशीत त्याला साखर निघाली. चालणं सुरू केलं, मग वजनं. वजनांनी साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. माणूस खूश. मग कोपराच्या बाहेरून कळ सुरू झाली. एका ठिकाणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. चार दिवसांत दुखणं गायब, पुन्हा जुनीच वजनं. दोन-तीन महिन्यांनी कळ परत, पुन्हा सुई. वर्षात तीन झाल्या. चौथ्यांदा दुखलं तेव्हा याने जिमच सोडली. चहाचा कप उचलताना डावा हात वापरायला लागला. वजनं सुटली, मग चालणंही सुटलं, साखर पुन्हा वर. शेवटी मला फोन आला तो त्याचा नाही, वहिनींचा.

या सुईबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ब्रिस्बेनमध्ये झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. टेनिस एल्बोचे १९८ रुग्ण, तीन गट: एकाला स्टेरॉइडची सुई, एकाला फिजिओथेरपी, एकाला नुसता सल्ला आणि वाट बघणं. सहा आठवड्यांनी सुईवाले सगळ्यांच्या पुढे होते. वर्षाअखेर तेच सगळ्यांत मागे. सुईने बरं वाटलेल्या दर दहांपैकी सातांचं दुखणं उलटलं होतं. प्रामाणिकपणे हेही सांगते की वर्षाअखेर व्यायामवाले आणि वाट बघणारे यांच्यात फार अंतर उरलं नव्हतं. व्यायामाने मधले महिने सुसह्य झाले. म्हणजे माझ्याकडे आला नाहीत तरी बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात शमतं. पण ‘शमतं’ म्हणजे कप उचलता येतो. पुन्हा चाळीस किलोचा रॉड उचलायचा असेल, तर कंडरेला त्या ओझ्याची सवय करून द्यावीच लागते, आणि ती ओझ्यानेच होते.

आपल्या मित्राला आम्ही काय दिलं? पहिले दोन आठवडे फक्त दाबून धरणं. पुढचा हात टेबलावर पालथा, पंजा कडेबाहेर, दुसऱ्या हाताने पंजा खाली दाबायचा आणि पहिल्याने तो खाली जाऊ द्यायचा नाही. हालचाल शून्य. तीस ते पंचेचाळीस सेकंद, मध्ये मिनिटभर विसावा, असं चार-पाचदा. मग पाण्याची बाटली. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, यापेक्षा स्वस्त डंबेल नाही. हात पालथाच, मनगट तीन सेकंद मोजत वर आणि तीन सेकंद मोजत खाली. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. हळू करणं हेच औषध आहे. झटके देत शंभर वेळा केलंत तर ते मोजू नका. पुढे बाटली लिटरची, मग खरं डंबेल. जोडीला कोरडा पंचा दोन्ही हातांनी सावकाश पिळणं. कळ कोपराच्या आतल्या अंगाला असेल तर हेच सगळं हात उताणा ठेवून.

दुखलं तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलेलं चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हात कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर काल जास्त झालं. वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. आणि हे बारा आठवडे. बारा! तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतं आणि तिथेच आपली माणसं थांबतात.

या काळात जिमला सुट्टी नाही. पाय, पोट, खांदे चालू ठेवा. बाकी थोडे बदल. सरळ रॉडने कर्ल करताना हात पूर्ण उताणे वळवावे लागतात, त्याने काहींचं मनगट आणि पुढचा हात ठणकतो. त्यांनी डंबेल हातोडीसारखं उभं धरावं. मनगट मागे मोडू देऊ नका. डेडलिफ्टला आणि रोइंगला काही आठवडे पट्टा वापरा, त्यात कमीपणा काही नाही. मुठीचे चार व्यायाम एका दिवशी न घेता आठवड्यावर पसरा. आणि रॉडचा गळा आवळू नका. पडणार नाही एवढं धरा.

घरीसुद्धा. पिशवी, कुकर, डबा पालथ्या हाताने उचलण्याऐवजी उताण्या हाताने, कोपर अंगाजवळ ठेवून उचला. बाहेरच्या दोरावरचा ताण कमी होतो. माझ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला हवं, कारण दोन वेळची कणीक मळणं आणि ओलं बेडशीट पिळणं याला अजून कुणी वर्कआउट म्हणत नाही. हाताला मात्र ते कळतं.

सचिनचं सगळ्यांना आठवत असेल. डावं कोपर, २००४ मध्ये दुखायला लागलं, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३. त्यामुळे पुष्कळ जण मला थेट ‘ऑपरेशन करून टाकू का?’ असं विचारतात. सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही हटलं नाही तरच तो विचार. थोड्यांवरच ती वेळ येते.

आता ज्यात थांबायचं नाही ते. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर दुखणं कंडरेचं नसून मनगटातल्या, कोपरातल्या किंवा मानेतल्या नसेचं असू शकतं, तपासून घ्या. वजन उचलताना कोपराच्या पुढच्या अंगाला ‘फट्’ झालं, दंडाचा गोळा वर सरकला, तर बायसेप्सची कंडरा तुटलेली असू शकते. त्याला ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालत नाही, त्याच आठवड्यात अस्थितज्ज्ञ गाठा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स चालू असताना किंवा नुकती झाल्यावर कंडरा दुखू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्या औषधांचा तो माहीत असलेला त्रास आहे. आणि श्रम केल्यावर हात भरून येतो, छातीवर दडपण, दरदरून घाम, जबड्याकडे कळ, असं असेल तर मला निरोप पाठवू नका. गाडीत बसा आणि दवाखान्यात जा, गाडी दुसऱ्याने चालवायची.

सकाळी पी. टी. च्या सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘अगं, या वयात मूठ कशाला बळकट करायची? आम्हाला कुठे दोरावर चढायचंय?’ सर, १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या मुठीची ताकद मोजली होती, भारतातलीही माणसं त्यात होती, २०१५ मध्ये तो अभ्यास आला. ज्यांची मूठ कमजोर, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. मूठ आवळत बसलं की आयुष्य वाढतं, असा त्याचा अर्थ नाही. मूठ ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे. पण जिन्याचा कठडा वेळेवर पकडता येणं, बाथरूममध्ये पाय घसरला तर नळाला तरी हात घालता येणं, यासाठी तुम्हाला ती हवीच. तुमची सुरुवात अर्ध्या लिटरच्या बाटलीने, आणि ती अर्धीच भरलेली.

आपला तो मित्र? पाच महिने झाले. कप उजव्या हाताने उचलतो. डेडलिफ्ट अजून जुन्या वजनाच्या निम्म्यावर आहे आणि त्यावरून रोज माझ्याशी भांडतो. चालणं पुन्हा सुरू केलंय. साखर उतरायला लागलीय, अजून पहिल्याइतकी नाही.

प्रश्न असतील तर विचारा. आणि ज्यांचं कोपर टाळी वाजवतानाही दुखतं त्यांनी टाळ्या वाजवू नका. चहा झाल्यावर आपल्या दहावीच्या वर्गात या. बाक अजून तेच आहेत, टेबलापेक्षा उंचीला बरे पडतात. पहिला व्यायाम तिथेच करून घेते.