अपघात, विमा आणि मुदत
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पाच्या मांडवात अपघाताचा विषय काढतो, क्षमस्व. पण महालक्ष्म्यांसाठी आपल्यातले कितीतरी जण गाडीने नागपूरकडे निघतात. दुर्गच्या कोर्टात वकिली करताना मला दिसते की लोकांना विम्याचा हप्ता पाठ असतो, त्याची हद्द ठाऊक नसते.

आधी मुदतीचे सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती गेली. पुढे सत्तावीस वर्षे मुदतच नव्हती, म्हणून वडीलधारी मंडळी अजून सांगतात, "घाई कशाला? फौजदारी केसचा निकाल लागू द्या." पण २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. उशीर माफ करण्याची सोयही या वेळी ठेवली नाही. याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत. अंतरिम म्हणजे तात्पुरता! घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्या भरवशावर मी तरी कोणाला बसू देणार नाही. फौजदारी खटला वेगळा, भरपाईचा अर्ज वेगळा. एकासाठी दुसरा थांबवू नका.

जागेबाबत मात्र कायदा उदार आहे. अपघात देवरीजवळ झाला, आता गोंदियाला खेटे कोण घालणार, असे म्हणून काही जण गप्प बसतात. अर्ज अपघात झाला तिथे करता येतो, तसाच अर्जदार राहतो तिथेही करता येतो. भिलाईच्या माणसाला दुर्ग चालते. घर इथे आणि गाव तिथे असलेल्या आपल्यासारख्यांना यापेक्षा मोठी सोय नाही.

आता पैशाचे. समोरच्या गाडीच्या चुकीने कोणी दगावले किंवा जखमी झाले, तर थर्ड पार्टी विम्यात रकमेला वरची मर्यादा नाही. वय, उत्पन्न आणि अवलंबून असणारी माणसे यांवरून न्यायाधिकरण रक्कम ठरवते. चूक सिद्ध न करता मागायची असेल तर कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. ठोकर मारून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून २ लाख आणि ५० हजार.

खरा घोटाळा आपल्याच गाडीत असतो. समजा, तुम्ही शेजारच्या काकूंना सोबत घेतले आणि चूक तुमच्याच हातून झाली. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आत बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. काकूंची भरपाई तुमच्या खिशातून! लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत आत बसलेलेही येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा फरक स्पष्ट केला आहे. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच वेगळे असते, पण ते फक्त मालकाचे, बायकोमुलांचे नव्हे. गाडी जुनी झाली की दोन-चार हजार वाचवण्यासाठी पॅकेज सोडून देणारे बरेच भेटतात. माणसे मात्र त्या गाडीत तेवढीच बसतात.

तेव्हा निघण्याआधी पॉलिसीचे पहिले पान वाचा. ‘लायबिलिटी ओन्ली’ छापले आहे की ‘पॅकेज’, एवढे पाहायला चष्मा पुरे, वकील लागत नाही. न समजल्यास आरतीनंतर मी इथेच आहे, कागद घेऊन या.