विहीणबाईंच्या बायबलमधली नोंद



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतले अनुभव’ हा विषय दिला. तिथली थंडी आणि रस्ते यांच्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. म्हणून एकच अनुभव सांगते. तो इतिहासाच्या तासाला शोभेल असा आहे, आणि समोर आपले इतिहासाचे सर बसलेत, तेव्हा सनावळी सांभाळून सांगते.

माझे जावई मॅसॅच्युसेट्सचे. नातवाला शाळेत वंशवृक्ष करायचा होता. आमच्या बाजूची नावं माझ्या भावाने नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत शोधली आणि फोटो पाठवले. सहा पिढ्या, दोन दिवसांत काम झालं. विहीणबाई म्हणाल्या, “आमचं तर घरातच लिहिलेलं आहे,” आणि त्यांनी पणजीकडून आलेलं जाडजूड बायबल काढलं. तिकडे जुन्या घरांत बायबलच्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायचे. सर्वांत वर होतं : जॉन हाऊलंड, 1620 साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आला, पत्नी एलिझाबेथ, गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी, मृत्यू 1672. गव्हर्नरचं रक्त आपल्या अंगात आहे, हे त्या घरात चार पिढ्या सांगितलं गेलं होतं.

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलं. सवयीने आधी पुस्तकाचं पहिलं पान पाहिलं. छापल्याचं साल होतं 1830 नंतरचं. आणि त्याआधीच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या. म्हणजे दोनशे वर्षांचा मजकूर कुणीतरी एका बैठकीत, ऐकीव माहितीवरून उतरवला होता.

मग प्लिमथ वसाहतीचं मूळ दप्तर पाहिलं. ते छापील मिळतं. तिथे हाऊलंडचा मृत्यू 23 फेब्रुवारी 1672/73 असा तिरपी रेघ देऊन दाखवतात. नातू म्हणाला, “आजी, माणूस दोनदा कसा मरेल?” त्याला सांगितलं, त्या काळी इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे त्यांचा 1672चा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1673चा. हे 1752 साली बदललं. आपल्याकडेही तेच नाही का? शिवजन्माचा शके 1551 आहे. त्यात 78 मिळवले तर 1629 येतात, पण महिना फाल्गुन, तोवर जानेवारी उलटलेला, म्हणून 1630. सर, बरोबर ना? (सरांनी मान डोलावली.)

हे सोपं होतं. खरी अडचण ‘कार्व्हर यांची मुलगी’ या तीन शब्दांची. ही कथा फक्त या घराची नव्हती. हाऊलंडच्या वंशजांत ती फार पसरलेली होती. तिला धक्का बसला तो एका हस्तलिखितामुळे. कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहिला होता. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत तो बोस्टनहून नाहीसा झाला आणि 1855 साली सापडला कुठे, तर लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात! पुढच्याच वर्षी तो छापला गेला. त्यात जहाजावरच्या माणसांची यादी आहे आणि तीत स्पष्ट लिहिलंय की हाऊलंडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं, दोघं हयात आहेत, दहा मुलं आहेत. ब्रॅडफर्ड त्याच जहाजातून आलेला, त्याच गावात राहिलेला. तो ही दोघं जिवंत असताना लिहितोय. आमच्या बायबलचा लेखक दोनशे वर्षांनी लिहितोय. कुणाचं धरायचं? जेधे शकावली प्रसिद्ध झाल्यावर बखरींतल्या तिथीचं जे झालं, तेच इथे झालं.

इंग्लंडमधल्या हेन्लो गावी एलिझाबेथच्या बाप्तिस्म्याची नोंदही आहे, ऑगस्ट 1607ची. हाऊलंड स्वतः कार्व्हरच्या घरचा नोकर म्हणून आला होता. वादळात समुद्रात पडला, लोंबकळणारा दोर हाती लागला म्हणून वाचला.

आता हे विहीणबाईंना सांगायचं कसं? वय 81. मुलगी म्हणाली, “आई, राहू दे ना, कुणाचं काय बिघडतंय?” पण नातू ते शाळेत मांडणार होता आणि खाली माझं नाव मदतनीस म्हणून येणार होतं. मी छापील पान घेऊन गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, कॉफी विचारली, दुसऱ्याच विषयावर बोलल्या. आठवडाभर फोन नाही. मला झोप नीट लागेना. व्याह्यांशी बिनसलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आठव्या दिवशी त्यांचाच फोन. “त्या मुलीचे आईवडील कधी गेले?” मी म्हटलं, पहिल्याच हिवाळ्यात दोघंही. 102 प्रवाशांतले निम्मे त्या हिवाळ्यात गेले. काका-काकूही गेले. “म्हणजे तेव्हा ती तेरा वर्षांची होती?” हो. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” बायबलमधली ओळ त्यांनी खोडली नाही. शेजारी एक चिठ्ठी चिकटवली, एलिझाबेथ टिली, आणि खाली स्वतःची सही, तारीख.

काम मात्र संपलेलं नाही. पाचव्या पिढीत एकाच गावात एकाच नावाचे दोन पुरुष आहेत, एक ‘सीनियर’, एक ‘ज्युनियर’. आपल्याला वाटतं बाप-लेक. तिथे काका-पुतण्यालाही, फार काय नातं नसलेल्यांनाही असंच म्हणत. मोठा वारला की धाकटा ‘सीनियर’ व्हायचा! जन्माच्या नोंदीने हे सुटत नाही. जमीन विकताना बायको आपला हक्क सोडत असल्याची सही करायची, तिच्या नावावरून नवरा ओळखता येतो. असं एक खरेदीखत टॉन्टनच्या नोंदणी कचेरीत आहे, असा सूचीत उल्लेख सापडलाय. परत गेल्यावर ऑक्टोबरमध्ये मी आणि विहीणबाई दोघी ते बघायला जाणार आहोत. गाडी त्याच चालवणार म्हणतात, मला त्याचीच काळजी आहे.