कलम ६४ मागचे बॅरिस्टर



मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. १८४५ साली मुंबईतल्या पारशी व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले फिरोजशहा एल्फिन्स्टन कॉलेजातून एम.ए. झाले आणि कायदा शिकायला लंडनला गेले. खर्च रुस्तमजी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून चालायचा होता. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव गडगडले, मुंबईतल्या भल्या भल्या पेढ्या बुडाल्या आणि ही मदतही आटली. तरी १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन परतले.

१८७१ मध्ये शहरात मोठा वाद पेटला. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी गटारे, रस्ते, मंडई अशी कामे धडाक्याने केली होती, पण पैसाही पाण्यासारखा ओतला होता. करदाते खवळले. कमिशनरचे अधिकारच काढून घ्या, असा सूर निघाला. तेव्हा २६ वर्षांच्या फिरोजशहांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला आणि क्रॉफर्डच्या कामाची तारीफ केली! दोष व्यवस्थेचा आहे, असे त्यांनी मांडले. हिशेब विचारणारे ‘जस्टिस ऑफ द पीस’ सरकारने नेमलेले. ते करदात्यांना कशाला जुमानतील? कामाला एकच जबाबदार अधिकारी असू द्या, पण त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले हवेत. सगळे एका माणसावर तुटून पडले असताना नवख्या वकिलाने हे बोलायला छाती लागते.

१८७२ च्या कायद्याने महापालिकेत निम्मे सभासद करदात्यांनी निवडलेले आले.

पुढे महापालिकेच्या नव्या कायद्याच्या मसुद्यात कमिशनरचे पारडे पुन्हा जड झाले. कायदेमंडळात फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग कलमाकलमावर भांडले. १८८८ च्या कायद्याचे कलम ६४ काढून पाहा: शहराचा कारभार महापालिकेच्या हाती, अंमलबजावणी कमिशनरकडे. अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही चालू आहे.

१८९० मध्ये फिरोजशहा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण त्यांचा खरा कस लागला १९०१ साली. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यायची, मात्र ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क ठेवायचा नाही, असे विधेयक मुंबई कायदेमंडळात आले. सावकारापासून संरक्षण, असे सरकार म्हणे. फिरोजशहांना त्यात मालकाचे कूळ होताना दिसत होते. घाई करू नका, ही सूचना फेटाळली गेली तेव्हा ते उठून बाहेर पडले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह आणखी काही सभासदांनीही सभात्याग केला.

विधेयक मंजूर झालेच. फिरोजशहा मात्र थांबले नाहीत. लोकांची बाजू रोज मांडणारे वर्तमानपत्र हवे म्हणून १९१३ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ सुरू केले.