खेळातला किल्ला आणि इतिहासातला किल्ला



संगणकावरच्या एका खेळाविषयी व्याख्यान म्हटले की श्रोत्यांत लगेच दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, हे खेळ म्हणजे पोरांचे डोळे आणि वेळ खाणारी ब्याद आहे. बोलायचेच असेल तर ती घरातून कशी घालवावी एवढेच बोला. दुसरा पक्ष म्हणतो, छे, छे, खेळता खेळता मुलांना इतिहास कळतो, बुद्धी तरतरीत होते. आम्हांला या दोन्ही पक्षांत सामील व्हायचे नाही. पुस्तक हाती आले तर आपण ते चाळून पाहतो. नाटक पाहिले तर घरी परतताना त्यातल्या विचाराची चर्चा करतो. मग ज्या खेळापुढे मुलेच काय, पण मोठी माणसेही रात्री जागवतात, तो खेळ सांगतो काय आणि सांगायचे टाळतो काय, हे पाहणे आपले कर्तव्य नाही काय?

आम्ही निवडलेल्या खेळाचे नाव ‘स्ट्राँगहोल्ड’. स्ट्राँगहोल्ड म्हणजे बळकट ठाणे, गड. इंग्लंडमधल्या फायरफ्लाय स्टुडिओज या कंपनीने तो २००१ साली काढला. पुढच्याच वर्षी धर्मयुद्धांच्या काळावरचा ‘स्ट्राँगहोल्ड क्रूसेडर’ निघाला आणि २०२३ साली मूळ खेळाची नवी, सजवलेली आवृत्ती आली. ज्या खेळाला बावीस वर्षांनीही गिऱ्हाईक मिळते, त्याच्यात केवळ ढाल-तलवारीच्या खणखणाटापलीकडे काहीतरी असले पाहिजे.

या जातीच्या खेळांना ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. बुद्धिबळात आपण हनुवटीला हात लावून विचार करीत बसलो तर प्रतिपक्षही थांबून राहतो. येथे तसे नाही. घड्याळ चालूच असते. आपण विचार करीत असतो तेव्हा शत्रू सैन्य जमवीत असतो, आणि इकडे आपल्या कोठारातला दाणा कमी होत असतो. ‘स्ट्राँगहोल्ड’चे वैशिष्ट्य या दुसऱ्या गोष्टीत आहे. किल्ल्याचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, खंदक, उचलता पूल, उकळते तेल ओतणारे शिपाई उभे राहतात. ते सारे येथे आहे. सुरुंग खणणारे आहेत, शिड्या आहेत, दगडफेकीची अजस्र यंत्रे आहेत. परंतु खेळणाराचा बराचसा वेळ जातो तो मात्र लाकूडतोड्या, गवळी, गिरणीवाला आणि भटारी यांच्या मागे.

वानगीदाखल पावाचाच प्रवास पाहा. शेतकरी गहू पिकवतो आणि वखारीत आणून टाकतो. गिरणीवाल्याचा पोरगा तो वखारीतून उचलतो, दळून पीठ पुन्हा वखारीत ठेवतो. भटारी ते पीठ आपल्या भट्टीवर नेतो, पाव भाजतो आणि धान्यकोठारात पोचवतो. तेव्हा कोठे प्रजेच्या तोंडात घास पडतो. यातला प्रत्येक माणूस पडद्यावर आपल्या पायांनी चालत जातो. भट्टी वखारीपासून दूर बांधली तर त्याची निम्मी हयात चालण्यात जाते आणि गावात उपासमार होते. दगडाचेही तेच. खाणीत दगड निघाला म्हणून भागत नाही. तो वाहायला बैल लागतो, आणि बैल आपल्या चालीने चालतो. शिपाई हवा असेल तर शेकोटीभोवती रिकामा बसलेला एखादा गावकरी, त्याच्यासाठी घडवलेले हत्यार आणि वर सोन्याची मोहोर, अशा तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. म्हणजे एक शिपाई वाढला की एक काम करणारा हात कमी झाला. हे गणित ज्या मुलाला कळले त्याला इतिहासातली एक फार मोठी गोष्ट कळली, असे आम्ही म्हणू. किल्ला दगडावर उभा राहतो हे खरे. पण दगड रचणारा माणूस पावावर उभा असतो.

दुसरी गोष्ट प्रजेच्या मर्जीची. या खेळात राजाची लोकप्रियता आकड्यांत मोजतात. आकडा पन्नासाच्या वर असला तर नवे लोक वस्तीला येतात. खाली गेला की गाठोडे बांधून चालू लागतात. शिधा वाढवा, आकडा चढतो. कर वाढवा, आकडा उतरतो. देऊळ बांधले, गुत्त्यात बिअर पुरवली, की लोक खूष. याहून चमत्कारिक भाग पुढे आहे. वस्तीत बागा लावल्या, करमणुकीची साधने उभारली तर लोक आनंदी होतात आणि शिपाई अधिक त्वेषाने लढतात. पण कामगार मात्र थोडे आळसावतात. उलट, जागोजाग फासाचे खांब आणि छळाची यंत्रे उभी केली तर लोक धसका घेऊन जास्त काम करतात. पण त्यांचे प्रेम आटते आणि शिपायांचा जीव लढाईत राहत नाही. राज्य प्रेमाने करावे की धाकाने, या प्रश्नावर राजनीतीच्या ग्रंथांत पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. या खेळाने तो बेरीज-वजाबाकीत घालून पोरांच्या हाती दिला आहे. आम्हांला याचे कौतुक वाटते आणि थोडी भीतीही वाटते. कौतुक अशासाठी की प्रश्न तरी पडला. भीती अशासाठी की फासाचा खांब हीदेखील एक सोयीची वस्तू आहे, तिचा भाव परवडला तर घ्यावी, असे मनात ठसायला वेळ लागत नाही.

आता खेळ बाजूला ठेवू आणि खरे किल्ले पाहू. त्यासाठी ब्रिटनच्या पश्चिमेस असलेल्या वेल्स प्रांतात जावे लागेल. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२७७ साली आणि पुन्हा १२८२-८३ साली वेल्सवर स्वारी केली. वेल्सचा राजा लिवेलिन ११ डिसेंबर १२८२ रोजी मारला गेला. जिंकलेला मुलूख मुठीत राहावा म्हणून एडवर्डने किल्ल्यांची एक साखळीच बांधली. कॉनवी, कार्नार्वन आणि हार्लेक यांचे काम १२८३ साली सुरू झाले, आणि १२९४-९५ च्या बंडानंतर १२९५ साली अँगलसी बेटावर ब्यूमारिसचा पाया घातला गेला. या चारही किल्ल्यांना १९८६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांचा मुख्य स्थपती मास्टर जेम्स हा आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉयहून आलेला कसबी माणूस होता.

या मास्टर जेम्सने २७ फेब्रुवारी १२९६ रोजी आपल्या एका सहकाऱ्यासह राजाच्या खजिन्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. किल्ला म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने शंभर लढायांची वर्णने बाजूला ठेवून हे एक पत्र वाचावे. ब्यूमारिसच्या कामावर ४०० गवंडी व पाथरवट, २,००० मजूर, २०० खाणकामगार आणि ३० लोहार आहेत. शिवाय सुतार वेगळे. दगड आणि कोळसा आणायला १०० छोट्या गाड्या, ६० मोठ्या गाड्या आणि ३० होड्या आहेत. आठवड्याला २५० पौंड लागतील, असे तो कळवतो. आणि मग मुद्द्यावर येतो. लोकांची मजुरी फार थकली आहे; त्यांच्यापाशी खायला काही नाही; त्यांना धरून ठेवणे कठीण झाले आहे.

मंडळी, सातशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे तो खेळातला रिकामा कोठार येतो. खेळाने जे सांगितले ते खोटे नाही, याची साक्ष स्वतः स्थपतीच देत आहे. एडवर्ड पुष्कळ वर्षे इटलीतल्या लुका शहराच्या रिकार्डी नावाच्या सावकारांकडून कर्ज काढीत असे. १२९४ साली ते नाते तुटले. फ्रान्सशी वाकडे आले, स्कॉटलंडची लढाई उभी राहिली, पैसा तिकडे वळला. ब्यूमारिस अर्धवट राहिला तो राहिलाच. आजही त्याचे बुरूज ठरल्या उंचीला पोचलेले नाहीत. रेखीवपणात त्याला तोड नाही असे जाणकार म्हणतात. पण त्याला शत्रूने पाडले नाही, तिजोरीने थांबवले.

येथवर खेळ आणि इतिहास हातात हात घालून चालतात. येथून पुढे मात्र त्यांची फारकत होते, आणि आमच्या व्याख्यानाचे खरे प्रयोजन हेच आहे.

पहिली फारकत अशी. खेळात नाराज माणूस गाठोडे बांधून निघून जातो. इतिहासात त्याला जाता येत नव्हते. एडवर्डच्या हुकमाने इंग्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतून खंदक खणणारे, सुतार, गवंडी सक्तीने गोळा करून वेल्सला धाडले जात. त्यांना मजुरी मिळे, म्हणून ती निव्वळ वेठबिगार म्हणता येणार नाही. परंतु यावे की न येावे हे त्यांच्या हाती नव्हते. वाटेत पळून जाऊ नयेत म्हणून काही टोळ्यांबरोबर घोडेस्वारांचा पहारा असे. खेळातला राजा प्रजेची मनधरणी करतो, कारण ती गेली तर खेळ संपतो. खऱ्या राजाला तशी गरज वाटली नाही. त्याच्यापाशी घोडेस्वार होते.

दुसरी फारकत शिपायांची. खेळात तटावर तिरंदाजांची दाटी करता येते, आणि एकदा मोहोर मोजली की शिपाई जन्मभराचा आपला. कॉनवीसारख्या प्रचंड किल्ल्याची नेहमीची शिबंदी मात्र अवघी ३० माणसांची ठरवलेली होती. त्यांतले १५ जण आडव्या धनुष्याचे तिरंदाज. बाकीच्यांत एक धर्मगुरू, एक सुतार, एक लोहार, एक गवंडी असे. कारण उघड आहे: शिपायाला रोज जेवावे लागते. हार्लेकचा किल्ला १२९४-९५ च्या वेढ्यात मूठभर लोकांनिशी टिकला, तो समुद्रामुळे. किल्ल्यापासून खाली पाण्यापर्यंत शंभराहून अधिक पायऱ्यांची वाट होती आणि आयर्लंडहून आलेला दाणागोटा त्या वाटेने वर चढत असे. आणि कॉनवी कसा पडला? १ एप्रिल १४०१ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, शिबंदी प्रार्थनेला गेली असता ट्यूडर घराण्यातल्या दोघा भावांच्या माणसांनी सुतार असल्याचे सोंग करून आत प्रवेश मिळवला आणि तो प्रचंड किल्ला घेतला. शिडी नाही, सुरुंग नाही, दगडफेकीचे यंत्र नाही.

तिसरी फारकत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. खेळ सुरू होतो तेव्हा पडद्यावर हिरवी, मोकळी जमीन असते. झाडे आहेत, हरणे आहेत, खडक आहे. तुम्ही याल आणि बांधाल म्हणून ती जणू वाट पाहत असते. कॉनवीची जमीन मोकळी नव्हती. तेथे अॅबरकॉनवीचा मठ होता आणि त्याच्या आवारात थोर लिवेलिन या वेल्सच्या राजाचे दफन झालेले होते. एडवर्डने मठ उठवला आणि साधूंना मैनानला पाठवले. ब्यूमारिसच्या शेजारी लानव्हाइस हे वेल्श लोकांचे भरभराटलेले व्यापारी गाव होते. किल्ला आणि त्याच्या सावलीतले इंग्रजांचे नवे गाव यांसाठी ते उठवण्यात आले आणि गावकऱ्यांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला नवी वस्ती करून दिली. तिचे नाव न्यूबरो, म्हणजे ‘नवे गाव’. ज्यांचे जुने गाव गेले त्यांना ते नाव कसे लागले असेल याची नोंद कोणी ठेवली नाही.

खेळाने हे का गाळले? आमच्या मते त्यात कोणाचा दुष्टावा नाही. खेळ रंगायचा तर पट रिकामा लागतो. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड रचतात, चिखल लिंपतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात, पायथ्याशी विहीर आणि शेत दाखवतात. त्या किल्ल्यालाही अंगणाचा मोकळा कोपराच लागतो. म्हणून तर हा परदेशी खेळ आपल्या मुलांना परका वाटत नाही. पडद्यावर किल्ला रचणारे बोट आणि चिखलात बरबटलेले बोट यांचा आनंद एकाच जातीचा आहे. तो आनंद हिरावून घ्या असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु खेळ संपल्यावर प्रश्न विचारण्याचे काम खेळ करीत नाही. ते घरातल्या आणि शाळेतल्या माणसांनी करायचे आहे.

आपण महाराष्ट्राचे लोक. किल्ला म्हटला की आपली छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. परंतु अभिमानाने डोळे मिटू नयेत, उघडावेत. कोणत्याही देशातला कोणताही किल्ला पाहायला गेलो की तीन प्रश्न मनात असावेत. हे दगड येथपर्यंत कोणी वाहिले? ते वाहताना त्यांना जेवायला कोण घालीत होते? आणि किल्ला होण्यापूर्वी येथे कोण राहत होते? पहिल्या दोन प्रश्नांची गोडी ‘स्ट्राँगहोल्ड’सारखा खेळ लावू शकतो, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. तिसऱ्याचे उत्तर शोधायला मात्र पडद्यापुढून उठावे लागते आणि इतिहासाच्या कागदांकडे जावे लागते. मुलगा खेळून उठला की त्याला रागे भरण्याऐवजी त्या रिकाम्या हिरव्या जमिनीविषयी एक प्रश्न विचारून पाहा. तो तुमच्याबरोबर उत्तर शोधायला निघाला, तर त्या खेळात गेलेला वेळ वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.